खड्डा भांडुपचा, टायर फुटला खालापुरात

"मी मुलुंडला राहते, वय ४२. गाडी चालवायला लागून सात वर्षं झाली. मे महिन्यात सासूबाई आणि दोन्ही मुलांना घेऊन साताऱ्याला निघाले होते. एक्स्प्रेसवेवर खालापूरचा टोलनाका यायच्या थोडं आधी, उजव्या लेनमध्ये, वेग पंचाण्णवच्या आसपास असताना मागचा उजवा टायर फुटला. मी घाबरून जोरात ब्रेक दाबला. गाडी मागून लहरली, गर्रकन फिरली आणि मागची बाजू कठड्यावर आपटली. मागच्या एसटीच्या ड्रायव्हरने वेळेत गाडी थांबवली म्हणून वाचलो. मुलांना खरचटलंसुद्धा नाही. सासूबाई मागे बेल्ट न लावता बसल्या होत्या, त्यांचा खांदा निखळला.

गाडी साडेसहा वर्षांची आहे, फिरली आहे जेमतेम तेवीस हजार किलोमीटर. टायर गाडीबरोबर आले तेच, नक्षी अजून छान होती. आदल्या दिवशी हवासुद्धा चेक केली होती. उन्हाळा आहे, दोन-तीन पॉइंट कमीच ठेवा, असं हवा भरणारा म्हणाला. दीर म्हणतात, 'वहिनी, तुम्ही ब्रेक मारलात म्हणून गाडी फिरली.' सासूबाई म्हणतात, वेळ आली होती, देवाने टाळली. मिस्टर म्हणतात, गाडी विकून टाकू. अडीच महिने झाले, मी स्टिअरिंगला हात लावलेला नाही. चूक माझी होती का? आणि मी पुन्हा चालवू शकेन का?"

प्रिय ताई,

आधी सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि विचारा, वेणी घालायला हात मागे जातो का आता. माझ्या आईचा खांदा निखळला होता तेव्हा तेच सगळ्यात उशिरा जमलं होतं.

तुमच्या दिरांचं म्हणणं खरं आहे. ब्रेक दाबला नसता तर गाडी बहुधा फिरली नसती. हे मी तुमच्यापासून लपवत नाही, कारण नक्की काय झालं ते कळल्याशिवाय तुमची भीती जागची हलणार नाही. पण याचा दोष मी तुम्हाला देणार नाही. मी बावीस वर्षं ठाण्यात गाडी शिकवते. काहीही विपरीत घडलं की पाय ब्रेकवर जायचा, ही सवय आम्हीच लावतो. समोर रिक्षा घुसली, पोरगं धावत आलं, सिग्नल पडला, की ब्रेक. पहिल्या दिवसापासून शेकडो वेळा तेच सांगतो आणि शहरात तेच बरोबर असतं. टायर फुटतो तेव्हा हीच सवय उलटते, आणि ही गोष्ट शिकवणीत बहुतेक वेळा सांगायचीच राहून जाते. लायसन्सच्या परीक्षेत आठचा आकडा काढून दाखवावा लागतो, चढावर गाडी थांबवून पुढे काढावी लागते. ताशी शंभरच्या वेगात टायर गेला तर हातापायांनी काय करायचं, हे तिथे कोणी विचारत नाही. तुम्ही शिकलात तेच केलंत.

आता ते तीन सेकंद नीट समजून घ्या. ताशी ९५ च्या वेगात गाडी एका सेकंदाला सुमारे २६ मीटर पुढे जाते. म्हणजे एका सेकंदात लोकलच्या अख्ख्या डब्याहून जास्त अंतर मागे पडलेलं असतं. गाडीला सरळ ठेवण्याचं काम मागची चाकं करतात, पतंगाला शेपूट करतं तसं. मागचा टायर फुटला की ती शेपटी तुटते आणि गाडीचं बूड डावी-उजवीकडे लहरायला लागतं. हे स्टिअरिंगमध्ये कमी जाणवतं, बसल्या जागी कमरेला जास्त जाणवतं. अशात ब्रेक दाबला की काय होतं? लोकल करकचून थांबली की दारातली सगळी माणसं पुढे झुकतात ना, तसं गाडीचं सगळं वजन पुढच्या चाकांवर जातं. मागची चाकं हलकी होतात. एक टायर आधीच गेलेला, उरलेल्याची पकडही सुटते, आणि मागची बाजू पुढच्या बाजूला गाठायला निघते. तुमची गाडी गर्रकन फिरली ती अशी.

पुढचा टायर फुटला तर खेळ वेगळा असतो. ज्या बाजूचा टायर गेला त्या बाजूला गाडी खेचली जाते, स्टिअरिंग जड होतं आणि हातातून निसटू पाहतं. उपाय मात्र दोन्हींवर एकच आहे.

दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरायचं आणि गाडी आपल्या लेनमध्ये सरळ ठेवायची. ब्रेकला पाय लावायचा नाही. ॲक्सिलरेटरवरचा पाय दचकून उचलायचाही नाही. क्षणभर आहे तिथेच ठेवायचा. हे मनाला पटत नाही, मला ठाऊक आहे. पण फुटलेला टायर स्वतःच गाडीला मागे ओढत असतो, तो भलामोठा ब्रेकच आहे. इंजिनाचा थोडा जोर चालू राहिला की ती ओढ तोलली जाते आणि गाडी सरळ राहते. गाडी हाताशी आली असं वाटलं की पाय हळूहळू उचलायचा. मग ती आपोआप मंदावते. वेग चाळिसाच्या आसपास आला की इंडिकेटर देऊन, आरसा बघून, डावीकडे सरकत सरकत कडेला घ्यायची आणि शेवटी अगदी हलका ब्रेक. गिअर खाली टाकून गाडी रोखायचा प्रयत्न नको. ऑटोमॅटिक असेल तर डी मध्येच राहू द्या. क्रूझ कंट्रोल चालू असेल तर ब्रेक दाबून बंद करू नका, स्टिअरिंगवरच्या बटणाने बंद करा.

दुसरी चूक स्टिअरिंगची होते. गाडी डावीकडे गेली म्हणून माणूस उजवीकडे जोरात फिरवतो, ती जास्त उजवीकडे जाते, मग पुन्हा डावीकडे, आणि प्रत्येक झोका आधीपेक्षा मोठा होतो. तेव्हा ओढीच्या विरुद्ध नुसता जोर धरायचा, झटका द्यायचा नाही. नजर दूर, जिथे जायचंय तिथे. कठड्याकडे बघाल तर हात नकळत कठड्याकडे वळतात. गाडीत ईएससी, म्हणजे घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा, असेल तर ती मदत करते, पण तिच्या भरवशावर ब्रेक दाबायला जाऊ नका.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. एका एप्रिलमध्ये चिपळूणला लग्नाला निघालो होतो. वडील शेजारी, आई आणि भाची मागे. पेण सोडून थोडं पुढे गेलो, वेग सत्तरच्या आसपास. एकदम फाट्कन आवाज झाला, इतका मोठा की मला वाटलं मागून कोणीतरी ठोकलं. लगेच फडफड फडफड असा आवाज सुरू झाला, ओल्या चादरी दगडावर आपटाव्यात तसा, आणि स्टिअरिंग डावीकडे ओढ घ्यायला लागलं. माझा पाय उचलला गेलाच होता. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्या गुडघ्यावर हात दाबून ठेवला. ते एसटीत चालक होते, सगळी नोकरी घाटात गेली त्यांची. आवाज न चढवता म्हणाले, "ब्रेक नको. सरळ धर. सरळ. सरळ." तेवढंच. गाडी तशीच लंगडत लंगडत मंदावली आणि रस्त्याच्या कडेला मातीत जाऊन उभी राहिली. जळक्या रबराचा वास इतका उग्र होता की भाचीला उलटी झाली. उतरले तेव्हा माझ्या पंजाबी ड्रेसच्या गुडघ्यावर नानांच्या ओल्या तळव्याचा ठसा होता. बाहेरून इतका शांत राहिलेला माणूस आतून किती घाबरला होता ते मला तेव्हा कळलं.

तुमच्या शेजारी त्या दिवशी असं सांगणारं कोणी नव्हतं. म्हणून आता ते वाक्य मी तुमच्या हाती देते. रोज गाडीत बसल्यावर, किल्ली फिरवायच्या आधी, मोठ्याने म्हणा: "हात घट्ट, पाय स्थिर, सरळ." मुलं हसतील, हसू द्या. महिन्याभरात त्यांनाही पाठ होईल आणि उद्या ती गाडी शिकतील तेव्हा त्यांच्याही कामी येईल.

आता सासूबाईंच्या बोलण्याकडे येते. देवाने टाळली, हे त्यांचं म्हणणं मी खोडणार नाही. वाचलेल्या माणसाने हात जोडले तर त्यात गैर काय? पण टायर फुटणं मात्र देवाच्या माथी मारू नका. आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये नेमक्या याच मुद्द्यावर निकाल दिला आहे. २०१० साली पुण्याहून मुंबईला येणाऱ्या एका गाडीचा मागचा टायर फुटला, गाडी दरीत गेली आणि एका तरुण माणसाचा जीव गेला. विमा कंपनीचं म्हणणं होतं की टायर फुटणं ही दैवी घटना आहे, कोणाचा निष्काळजीपणा नाही. न्यायालयाने ते मानलं नाही. हवा कमी किंवा जास्त असणं, जुना वापरलेला टायर, अतिवेग, तापमान ही टायर फुटण्याची कारणं आहेत आणि निघण्याआधी टायरची स्थिती बघणं हे चालकाचं किंवा मालकाचं काम आहे, असं न्यायालयाने म्हटलं. मी हा निकाल माझ्या प्रत्येक बॅचला सांगते. टायर फुटतो त्या क्षणी आपल्या हातात फार थोडं असतं. त्याच्या आधीच्या सहा महिन्यांत मात्र बरंच काही आपल्या हातात असतं, आणि तिथे तुमच्याकडून, खरं तर तुमच्या घरातल्या सगळ्यांकडून, तीन गोष्टी सुटल्या.

पहिली हवा. उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, हा सल्ला अख्ख्या मुंबईत ऐकायला मिळतो आणि तो साफ चुकीचा आहे. देणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, त्यालाही कोणीतरी तसंच सांगितलेलं असतं. हवा कमी असली की टायरची बगल, म्हणजे बाजूची भिंत, प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते आणि पुन्हा सरळ होते. लोखंडी तार हाताने पुन्हा पुन्हा वाकवून बघा, वाकते तिथे गरम होते. टायरच्या आतही तेच चालू असतं. चाक मिनिटाला आठशे वेळा फिरतंय, वर चार माणसं आणि सामान, खाली मे महिन्यातला तापलेला रस्ता. आतलं रबर आणि दोरे एकमेकांपासून सुटायला लागतात आणि एका क्षणी बगल फाटते. टायर फुटला की लोक एक्स्प्रेसवेच्या सिमेंटला नावं ठेवतात. पण तोच टायर त्याच हवेवर मुलुंड चेकनाका ते सायन ट्रॅफिकमध्ये रांगत गेला असता तर तुम्हाला काही कळलंही नसतं. सलग वेग मिळाला आणि आतला दोष बाहेर आला.

ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर एक स्टिकर दिसतो, काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो. त्यावर पुढच्या आणि मागच्या टायरची हवा लिहिलेली असते, आणि भरलेल्या गाडीसाठी बहुतेक वेळा वेगळा आकडा असतो, मागच्या चाकांना जास्त. साताऱ्याला निघताना तुमची गाडी भरलेली होती. म्हणजे हवा वाढवायला हवी होती तिथे ती कमी झाली. हवा थंड टायरवर बघायची, सकाळी, घराजवळच्या पंपावर. हायवेवर तासभर चालल्यावर आकडा चार-पाच पॉइंट वर दिसतो, तो तसाच दिसायला हवा, तेव्हा हवा काढायची नाही. नायट्रोजन भरायचा असेल तर भरा, पण त्याने बाकीची काळजी संपत नाही. आपल्या साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

दुसरी गोष्ट वय. मुंबईच्या गाड्यांचं हे खास दुखणं आहे आणि म्हणून मला त्यावर जरा जास्त बोलायचं आहे. आपल्याकडे गाडी आठवडाभर बिल्डिंगखाली उभी असते, ट्रेनने ऑफिस, रिक्षाने बाजार. शनिवार-रविवारी बाहेर निघते. साडेसहा वर्षांत तेवीस हजार किलोमीटर म्हणजे तुमची तशीच. नक्षी झिजत नाही, म्हणून माणूस म्हणतो टायर नवा कोरा आहे. रबर मात्र उभ्या उभ्या म्हातारं होतं. ऊन, उकाडा, हवा यांनी कडक होत जातं, बगलेवर बारीक भेगा पडतात, जुन्या रबरबँडवर पडतात तशा. कायद्याने गाडीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर हवी, खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात, नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. पण वय मोजायला कायदा तुमच्या घरी येणार नाही. ते टायरवरच लिहिलेलं असतं. बगलेवर इंग्रजी डी, ओ, टी अशा अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते, तिचे शेवटचे चार आकडे बघायचे. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. चार आकडे दिसले नाहीत तर ते आतल्या बाजूला असतील. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून टायर तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर कितीही चांगला दिसला तरी वापरू नये, असं मोठ्या टायर कंपन्या सांगतात. मी स्वतः मुंबईच्या गाडीला सहा वर्षांच्या वर थांबत नाही.

आणि तिसरी गोष्ट खड्डा. गाडी जोरात खड्ड्यात आदळते तेव्हा खड्ड्याची कड आणि रिम यांच्यामध्ये टायर चिमटला जातो. बाहेरून ओरखडाही दिसत नाही, पण बगलेतले दोरे तुटतात. दोरे तुटले तिथे आतली हवा रबराला बाहेर ढकलते आणि फोड येतो, लिंबाएवढा, कधी त्याहून लहान. शहरातल्या वेगात तो महिनोन्महिने तसाच राहतो. पावसाळ्यात एलबीएस मार्गावर भांडुपच्या आसपास कुठेतरी आदळलेली गाडी पुढच्या उन्हाळ्यात एक्स्प्रेसवेवर फुटते, आणि तेव्हा कोणाला तो खड्डा आठवत नाही. पेणजवळ माझा टायर फुटला, तो नंतर टायरवाल्याने खोलून दाखवला. फुटीच्या कडेला दोऱ्यांची टोकं काळवंडलेली होती. म्हणाला, हे आजचं तुटलेलं नाही. मग मला आठवलं, आमच्या गल्लीत गाडी लावताना डावं चाक फुटपाथच्या कडेवर चढायचं, रोज. मी ते कधी मनावर घेतलंच नव्हतं.

म्हणून टायर बघायचा तो बाहेरून नाही. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, मोबाइलची बॅटरी लावा आणि पुढच्या टायरची आतली बगल बघा. मग दुसऱ्या बाजूला वळवून दुसरा. मागच्यांसाठी खाली वाकावं लागतं, किंवा पंक्चरवाल्याकडे चाक काढायला लावा. पावसाळा संपला की अलाइनमेंट करायला जाल तेव्हा त्यालाच सांगा, आतून फोड आहे का बघ. फोड दिसला की तो टायर गेला. त्याला ठिगळ नाही. बगलेला पडलेलं पंक्चरही काढून वापरू नका, पंक्चर फक्त नक्षीच्या भागातलं दुरुस्त होतं.

एक गोष्ट मी तुम्हाला घाईने सांगते आहे, कारण पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही. फुटलेला टायर बदलला असेल, पण बाकीचे तीन आणि स्टेपनी? ते त्याच वयाचे आहेत, त्यांनी तेच खड्डे खाल्ले आहेत. मिस्टर त्या गाडीने हायवेला जात असतील तर त्यांना आज थांबवा. चारही बदलण्याइतके पैसे हाताशी नसतील तर आधी दोन घ्या आणि नवे दोन मागे लावा. दुकानदार पुढे लावायला सांगेल, स्टिअरिंग पुढच्या चाकांना असतं म्हणून. तरी मागेच लावा. पुढचा घसरला तर गाडी हातात राहायची शक्यता असते, मागचा सुटला तर गाडी फिरते. हे तुम्ही स्वतः अनुभवलंय. आणि मग उरलेले दोन बदलून होईपर्यंत गाडी शहरातच ठेवा. सेकंडहँड टायर कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका. त्याने कुठले खड्डे खाल्लेत ते कोणी सांगू शकत नाही.

वेगाबद्दल थोडंच. एक्स्प्रेसवेवर सपाट भागात ताशी १०० ची मर्यादा आहे आणि तुम्ही तिच्या आत होतात. पण भरलेल्या गाडीत, मे महिन्यात, दुपारी, ८० नेही पुण्याला पोहोचता येतं. ८० वरून १०० वर गेलं की गाडीतला जोर दीडपटीहून जास्त वाढतो. टायर गेला तर तो सगळा तुम्हाला दोन हातांनी सांभाळायचा असतो.

थांबल्यानंतरचं आता. तुम्ही उजव्या लेनमध्ये होतात, तिथून डाव्या कडेला यायला दोन लेन ओलांडाव्या लागतात. चाक रिमवर चालतंय, रिम वाकेल, असं मनात आलं तरी थांबू नका. रिम गेली तर जाऊ दे, रांगत रांगत डाव्या कडेपर्यंत या. चारही इंडिकेटर लावा. सगळ्यांनी डाव्या दाराने उतरायचं, मुलांचा हात धरून, आणि कठड्याच्या पलीकडे जाऊन उभं राहायचं. गाडीत बसून राहायचं नाही आणि गाडीच्या मागे तर उभं राहायचंच नाही. त्रिकोण ठेवायचा तो चांगला शंभर पावलं मागे, आणि जाताना तो उघडून छातीसमोर धरूनच चाला, कठड्याच्या बाजूने. उजवं चाक फुटलं असेल तर ते तिथे बदलायला बसू नका. बसलेला माणूस ट्रकवाल्याला दिसत नाही. ११२ ला फोन लावा, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३, कोणाला लागलं असेल तर १०८. एक्स्प्रेसवेचा स्वतःचा मदत क्रमांक रस्त्यात फलकांवर असतो, तो निघतानाच मोबाइलमध्ये टाकून ठेवा. आणि कोणी अनोळखी गाडीवाला शेजारून जाताना तुमच्या चाकाकडे बोट दाखवून थांबायची खूण करत असेल तर लगेच थांबू नका. हाताला गाडी ठीक लागत असेल तर पंप किंवा टोलनाका येईपर्यंत सावकाश जा, तिथे माणसांत उतरून बघा.

स्टेपनीतली हवा बघा, ती वर्षानुवर्षं कोणी बघत नाही. पुढेमागे नवी गाडी घ्याल तर डिकी उघडून विचारा, स्टेपनी आहे का. २०२० पासून हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा, ट्यूबलेस टायर आणि पंक्चरचं किट असलेल्या गाडीला स्टेपनी नसली तरी चालते. पण पंक्चरचं किट फाटलेल्या बगलेला उपयोगी पडत नाही. मी स्टेपनी असलेलीच गाडी घेईन.

सासूबाईंना बेल्ट लावायला सांगायला संकोच वाटत असेल, तो मला समजतो. मोठ्या माणसाला असं सांगणं जड जातं, त्यात साडीवर पट्टा नको वाटतो. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले, ते मागच्या सीटवर होते आणि बेल्ट लावलेला नव्हता. त्यानंतर १ नोव्हेंबरपासून मुंबई पोलिसांनी गाडीतल्या सगळ्यांना बेल्ट सक्तीचा केला. हे त्यांना सांगा. आणि पट्टा खांद्यावरून पदराच्या वर सपाट बसवून तुम्ही स्वतः लावून द्या, मुलांना लावता तसा. माझी आई आधी नाराज व्हायची, आता मी विसरले तर तीच आठवण करते.

मिस्टरांना माझ्या वतीने सांगा, गाडी विकायची असेल तर पैशांचा हिशेब करून विका, या भीतीने नको. त्या दिवशी स्टिअरिंगवर ते असते तरी तो टायर फुटलाच असता. ब्रेकही त्यांनी कदाचित तसाच दाबला असता. दिरांनाही एकदा विचारा, त्यांच्या गाडीच्या टायरचे चार आकडे त्यांना माहीत आहेत का.

आता तुमचं चालवणं. घाई नको, पण अडीच महिने पुरे झाले. या आठवड्यात नुसतं कंपाउंडमध्ये गाडीत बसा, इंजिन चालू करा, हात घड्याळातल्या नऊ आणि तीनवर ठेवा. घाम फुटेल. बसून राहा, कमी होतो. पुढच्या आठवड्यात मुलुंडमधल्या मुलुंडमध्ये, भाजी आणायला. मग एखाद्या रविवारी सकाळी सहाला ऐरोलीच्या पुलावरून नवी मुंबईत जा, शेजारी एखादं शांत माणूस घेऊन. दीर नकोत, मैत्रीण चालेल. रिकामा सरळ रस्ता मिळाला, आरशात मागे कोणी नाही, वेग पन्नास, की मैत्रिणीला अचानक "आता" म्हणायला सांगा. हात घट्ट करा, पाय क्षणभर होता तिथेच ठेवा, मग हळू उचला, ब्रेक न लावता गाडी मंदावू द्या आणि कडेला घ्या. दहा वेळा करा. पायाला जी सवय आम्ही लावली, तिच्या शेजारी ही दुसरी सवय बसली पाहिजे, आणि ती वाचून बसत नाही, पायाने करूनच बसते.

पाऊस थांबला की, ऑक्टोबरमध्ये, एखाद्या मधल्या वारी एक्स्प्रेसवेवर जा. डावी लेन किंवा मधली, ऐंशीच्या आत. खालापूरला बाहेर पडा, चहा प्या, परत या. त्या जागेवरून जाताना छातीत धडधडेल. मोठ्याने म्हणा, हात घट्ट, पाय स्थिर, सरळ. पेणच्या पुढचं ते वळण आलं की मी अजून म्हणते.

पण हे सगळं टायर झाल्यावर. येत्या रविवारी मुलांना घेऊन खाली उतरा, एकाच्या हाती मोबाइलची बॅटरी द्या, एकाच्या हाती कागद-पेन. चारही टायरचे आकडे लिहून काढा, आतल्या बगलेला फोड दिसला तर त्याच्यापुढे खूण करा, आणि डिकीतला पाचवा विसरू नका. तो कागद पुढच्या पत्रासोबत मला पाठवा.

तुमची,
मावशी